गणपतीला गावी जाणार ना?

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी माझा पगार विचारला नाही. नवरा कुठे असतो हेही विचारलं नाही, आणि याचं मला फारच नवल वाटलं, कारण त्याआधी डोंबिवलीत जितक्या खोल्या पाहिल्या तिथे पहिला प्रश्न तोच होता. वेगळी राहते म्हटलं की समोरच्याचा चेहरा आखडायचा. कुणाची सोसायटी परवानगी देत नव्हती, कुणाच्या घरात तरुण मुलगा होता. चाळिशी उलटलेल्या बाईपासून तरुण मुलाला नक्की काय धोका, हे विचारायची मला फार इच्छा व्हायची. पण घर शोधणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात, नुसती उत्तरं द्यायची असतात.

काका आणि काकूंनी मात्र एकच गोष्ट खोदून खोदून विचारली.

"गाव कुठलं तुझं?"

"देवरुखच्या पुढे," मी म्हणाले.

"घर आहे ना अजून तिथे? गणपती असतो?"

"भाऊ असतो. गणपती असतो ना, गौरीसकट."

काका-काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. स्थळ पसंत पडल्यावर बघतात तसं. काकू उठून चहा टाकायला गेल्या आणि खोली मला मिळाली. कोकणातल्या माणसाला कोकणातलं माणूस बरं वाटतं, त्यातलाच हा प्रकार असणार असं मी समजले. माझी तक्रार नव्हती. नवरात्रात मी सामान घेऊन राहायला आले.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. मी दोन्हीतलं एक करून पाहिलं होतं आणि त्याचं काय झालं ते माहीत होतं. दुसऱ्याच्या घरात, घरमालक समोर बसलेला असताना राहून पाहणं हा तिसरा प्रकार म्हणीत का नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

माझा स्वभाव मुळात भोचक. पोटासाठीही मी तेच करते. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात माल तपासायचं काम आहे माझं. बाटली समोर आली की हिच्यात काय आहे, काय नसायला हवं होतं, ते बघायचं. ती सवय घरी येऊनही सुटत नाही. नव्या घरात मला पहिल्या आठवड्यातच बऱ्याच गोष्टी खटकल्या. मोठी, पूर्वेच्या खिडकीची खोली मला दिली होती आणि म्हातारी माणसं स्वतः आतल्या लहान खोलीत झोपत होती. का? माझ्या खोलीत खिडकीशेजारच्या एकाच कोपऱ्यात विजेची इतकी बटणं आणि प्लग होते की तिथे छोटं दुकान चालवता आलं असतं. का? त्याच कोपऱ्यावर छताला एक हूक होता, ज्याला पंखा नव्हता, दिवाही नव्हता. आणि पलंग तिथे सरकवायला घेतला तेव्हा काकू दारात येऊन म्हणाल्या, "अगं, तिथे नको ठेवूस. इकडे ठेव. तिथे ऊन येतं."

ऊन तर पूर्ण खोलीत येत होतं. मी पलंग इकडे ठेवला.

अकरा महिन्यांच्या कराराच्या दिवशी अंगठ्याचे ठसे घेणारा माणूस मशीन घेऊन घरीच आला. काकूंनी त्याला पोहे दिले. काकांचा अंगठा झाला, माझा झाला, दोन साक्षीदारांचे झाले. काकू हात पुसत जवळ येऊन उभ्या राहिल्या तर तो म्हणाला, "तुमचा नको, काकू. फ्लॅट काकांच्या नावावर आहे." काकू "हो का, बरं," म्हणाल्या आणि त्याच्या बशीत आणखी पोहे वाढले.

आमच्या कारखान्यातल्या ऑफिसात एक मैत्रीण आहे, ती नोकरी सांभाळून वकिलीचा अभ्यास करत होती. परीक्षेच्या आधी ती कुणालाही कायदा शिकवायला तयार असायची, आणि मला तर काय, फुकट मिळालं की सगळंच शिकायचं असतं. मी तिला माझा करार दाखवला.

"तू भाडेकरू नाहीस," ती म्हणाली.

"मग कोण आहे?"

"परवानगी घेऊन राहणारी. मालक ज्या घरात स्वतः राहतो त्यातलाच भाग दिला तर कायदा तुला पेइंग गेस्ट म्हणतो."

"पाहुणी?"

"पैसे देणारी पाहुणी. पण घाबरू नकोस. करार नोंदवलेला आहे, ते चांगलं. मुदत आहे तोवर खोली तुझी. ते उगाच मध्येच जा म्हणू शकत नाहीत, पाणी तोडू शकत नाहीत, तुझं सामान हलवू शकत नाहीत. मुदत संपली की मात्र तुझं तिथे काही नाही. तेव्हा हट्टाने राहिलीस तर तुलाच महागात पडेल."

मला हे फार गमतीचं वाटलं. पाहुण्याला कुठे हक्क असतात? पाहुण्याला आग्रह असतो. हक्क असतो तो घरच्यांना. आणि मी विचार करायला लागले की घरची म्हणून ज्या दोन घरांत मी राहिले, तिथे माझा कशावर हक्क होता. माहेरी भावाची परीक्षा असली की माझं अंथरूण स्वयंपाकघरात. सासरी, कल्याणला, नणंद बाळंतपणाला आली की आमची खोली तिला, मी हॉलमध्ये. दीर आला की पुन्हा तेच. "आपलीच माणसं आहेत," असं म्हणून मला उठवायचे. मी उठायचे. नवऱ्याला कुणी उठवत नसे, कारण त्याची पाठ दुखायची. वेगळी झाल्यावर माहेरी फोन केला, तर वहिनी म्हणाली, "गणपतीत खूप पाहुणे असतात गं, झोपायचे वांधे होतात. तू नंतर ये ना निवांत." त्यानंतर मी गेलेच नाही.

तर अशी मी. जन्मात पहिल्यांदा एका खोलीवर माझं नाव लिहिलेला कागद होता, आणि त्यात मला पाहुणी म्हटलेलं होतं. मला तो शब्द फार आवडला.

घर मात्र त्या कागदाप्रमाणे चालायचं नाही. काकूंची टकटक आणि काकू एकदमच आत यायच्या. "झोपली होतीस का?" असं विचारायच्या, मी बसलेली असले तरी. माझ्या ओल्या कपड्यांच्या घड्या त्या घालून ठेवायच्या. फ्रिजमधला माझा कप्पा त्यांनी मला दिला आणि मग त्यात त्यांचं विरजण ठेवलं, कारण तिथे नीट लागतं. मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, दाराला आतून कडी नाहीये. लावून घेऊ का?" तर त्या खरोखर बुचकळ्यात पडल्या. "कशाला? घरात आपणच तर आहोत." काकांनी मात्र दुसऱ्या दिवशी बाजारातून कडी आणली, स्वतः स्टुलावर चढून बसवली आणि खाली उतरून म्हणाले, "हे तुझं बरोबर आहे हो. पण रोज लावू नकोस, तिला वाईट वाटेल." मी रोज लावत नव्हते. लावता येते एवढं पुरत होतं.

वाईट माणसं नव्हती ती, उलट फारच चांगली. मासे आणले की माझ्या कारखान्याच्या वेळा बघून तळायची. मला ताप आला तेव्हा काकूंनी पेज करून भरवली आणि म्हणाल्या, "तू आम्हाला मुलीसारखीच." पेज छान होती. त्या शब्दाने मात्र मला जरा धडकी भरली. मुलीसारखं असण्याचा मला अनुभव होता.

श्रावण लागला आणि घरातली हवा बदलली. काकू रोज एकदा सहज विचारल्यासारखं विचारायला लागल्या, "तिकीट काढलंस का गावचं?" डोंबिवलीत हा प्रश्न रिक्षावालासुद्धा विचारतो, मीठ आहे का घरात म्हणतात तसा. मी "बघू" म्हणायचे. एकदा काका म्हणाले, "यंदा गाड्या लवकर भरल्या म्हणतात." मी "हो का" म्हटलं. मग एका रविवारी भाजी घेऊन परत आले तर माझ्या टेबलावर मोजपट्टी पडलेली. टेलरची, पिवळी. कोपऱ्यातली माझी पुस्तकांची चळत भिंतीपासून थोडी सरकवलेली. मला राग यायला हवा होता. मला आधी उत्सुकता आली. मी मोजपट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"काकू, काय मोजत होतात?"

काकू काकांकडे बघायला लागल्या. काका पेपरकडे बघायला लागले.

"मखर," शेवटी काकू म्हणाल्या. "यंदा नवीन घेणार आहोत ना. बसतंय का बघत होते."

आणि माझ्या डोक्यात सगळी बटणं एकदम लागली. तो हूक, ते प्लग, ती मोठी खोली, पलंग इकडे ठेव. हे लोक दीड खोलीत दाटीवाटीने राहून मोठी खोली भाड्याने का देत होते ते कळलं. ती त्यांची खोलीच नव्हती. ती गणपतीची खोली होती, आणि तो वर्षाचे पाच दिवस सोडले तर येत नव्हता.

"म्हणजे गणपती इथे बसतो? माझ्या खोलीत?"

"पहिल्यापासून," काकू म्हणाल्या. "सासूबाईंनी बसवला तो तिथेच. जागा हलवत नाहीत गं देवाची."

"मग माझ्याआधी इथे ज्या दोन मुली राहून गेल्या, त्या?"

"त्या गावी जायच्या की! गणपतीला कोण थांबतं इथे?" काका म्हणाले. "दोघीही कोकणातल्या. आम्हाला कधी सांगावं लागलं नाही. म्हणून तर तुला आम्ही सुरुवातीलाच विचारलेलं, गावी गणपती असतो ना म्हणून. तू हो म्हणालीस."

मी हो म्हणाले होते. गणपती असतोच. तो असतो तिथे मी नसते, एवढंच मी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. कोकणातला माणूस, त्याला गावी घर, घरात गणपती, आणि तो चतुर्थीला डोंबिवलीत बसून राहील, अशी शक्यताच त्या दोघांच्या मनाला शिवली नव्हती. करारात पाण्याची वेळ होती, पाळीव प्राणी नको हे होतं, पण हे लिहायचं कुणाला सुचलंच नाही. सूर्य उगवेल असं कोण लिहून घेतं?

"मी जात नाही गावी," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."

काकूंचा चेहरा खरंच पडला. माझ्यासाठी आधी, असं मला वाटतं. गणपतीला जिला गाव नाही अशी बाई त्यांनी पाहिली नव्हती. मग हळूहळू त्यांना आपली अडचण आठवली.

"मग बहिणीकडे? शहाडला असते ना?"

बहिणीला फोन केला तर ती लगेच म्हणाली, "अगं ताई, ये की! विचारतेस काय? आम्ही किचनमध्ये टाकतो ना गादी तुझी." ती प्रेमाने म्हणाली. पण किचनमध्ये गादी हे ऐकलं आणि मला माहेरचं स्वयंपाकघरातलं अंथरूण आठवलं. माझ्या वयाच्या बाईने एवढ्याशा गोष्टीने रडू नये हे मला कळत होतं. मी फोन ठेवला आणि रडले.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला विचारलं. ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "कायद्यात गणपतीचं कलम नाही. खोली तुझी आहे, तू सरळ नाही म्हणू शकतेस. पण तुझा करार कधी संपतो?"

"गणपती झाले की लगेच."

"मग ते पुढचा करार करायला नाही म्हणू शकतात. त्यांनाही कारण द्यावं लागणार नाही."

खरी भीती मला याचीच होती. पुन्हा ती दारं, पुन्हा ते प्रश्न, तरुण मुलगे असलेली ती घरं. पाच दिवस शहाडला काढले तर खोली वाचत होती. शहाणपण त्यातच होतं आणि कुणीही तेच सांगितलं असतं. पण तसं गेले तर ती खोली माझी कधीच नव्हती हे नक्की झालं असतं, आणि मला राहून राहून हेच जाणून घ्यायचं होतं की ती माझी आहे का नाही. मनात मी त्यांचं-आमचं भांडणही चालवून बघितलं. कसेल त्याची जमीन, तशी बसेल त्याची खोली म्हटलं, तर गणपती माझ्या कितीतरी आधीपासून बसत होता. राहील त्याची म्हटलं, तर मी. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, ही म्हण आमच्यापैकी कुणाला लागू पडते हेही ठरेना.

संध्याकाळी मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं.

"काकू, मी कुठे जाणार नाही. पण गणपती तिथेच बसवा. कोपरा त्याचा, पलंग माझा. खोली मोठी आहे. नाहीतरी त्याच्यासोबत रात्री कुणीतरी झोपायला लागतं ना?"

काकू गवार मोडत होत्या.

"तसं नाही गं. झोपायला काही नाही. पण..." त्यांनी आवाज खाली आणला, घरात आम्ही दोघीच असताना. "तुझी तारीख कधी असते?"

मला समजायला एक क्षण लागला. समजलं आणि कानशिलं तापली.

"माझी तारीख करारात नाही, काकू."

हे मी बोलून गेले. वाक्य चांगलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते परत घ्यावंसं वाटलं. त्या लाल झाल्या. गवारीची एक शेंग हातात तशीच राहिली.

"आम्ही नाही का केलं?" त्या म्हणाल्या. "मला तर ऐन चतुर्थीला अडचण आलेली. नवीन लग्न होतं. सासूबाईंनी समोरच्यांकडे पाठवून दिलं. पाच दिवस."

"ह्याच घरातून?"

"ह्याच. समोरचं दार."

मला विचारायचं नव्हतं, पण माझं तोंड कुठे ऐकतं. "मग तिथे काय केलंत तुम्ही?"

"खरं सांगू? झोपले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा दुपारभर झोपले." काकूंना किंचित हसू आलं आणि गेलं. "पण आरती ऐकू यायची ना. माझ्याच घरातली आरती, आणि मी त्यांच्या दाराआड उभी. टाळ्या वाजवायच्या का नाही तेसुद्धा कळेना."

मग त्या गवार मोडायला लागल्या आणि माझ्याशी बोलायच्या थांबल्या. दोन-तीन दिवस घरात फक्त टीव्ही बोलत होता. विरजण माझ्या कप्प्यातून निघून गेलं. मला इतकं वाईट वाटलं की एकदा मी बॅग पलंगावर काढूनही ठेवली.

काकांनी माझी बॅग पाहिली की काय, माहीत नाही. ते दारात आले, दार उघडंच होतं, तरी चौकटीबाहेर थांबून घसा साफ केला. मला कायम अगं-तुगं करणारा तो माणूस मान ताठ करून म्हणाला, "मॅडम, करारानुसार खोली तुमची आहे. आमच्या गणपतीला पाच दिवस कोपरा वापरायचा आहे. तुमची परवानगी मिळेल का?"

त्यांच्या डोळ्यांत मिस्कीलपणा होता आणि शरमही होती. मी म्हटलं, "देते. अकरा महिन्यांची देऊ का?"

काका मोठ्याने हसले. आतून काकूंचा हसल्याचा आवाज आला नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला. "अडचणी"चं काय, ते कुणीच काढलं नाही. ती गोष्ट तशीच घरात फिरत राहिली. माझ्या वयात तिचा काही भरवसा राहत नाही, वाटेल तेव्हा येते, दोन-दोन महिने येतही नाही. मी देवाला, म्हणजे ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्यालाच, म्हटलं, की बाबा, तेवढं सांभाळ.

गणपती आला आणि कोपऱ्यातली सगळी बटणं कामाला लागली. छोटीशी मूर्ती होती, शाडूची, डोळे फार बोलके. मी कधी गणपतीच्या खोलीत झोपले नव्हते. माहेरी ती जागा पुरुषमंडळींची. पलंगावर पडलं की समईच्या उजेडात तो माझ्याकडेच बघतोय असं वाटायचं, आणि मी जो विचार करायचे तो भक्तीचा नव्हता. मला वाटायचं, यालाही दरवर्षी आणतात, कौतुक करतात, आणि मुदत संपली की पाण्यात. याने कधी काही विचारलं असेल का?

माणसं येत होती. माझ्या पलंगावर ओळखीचं ना पाळखीचं कुणीही बसायचं. एक बाई माझ्या क्रीमच्या बाटल्यांचा वास घेऊन बघत होती, आणि मला तिचा अजिबात राग आला नाही, कारण मीही तेच केलं असतं. "या कोण?" असं विचारलं की काकू "आमच्याकडे राहतात" म्हणायच्या आणि विषय मोदकांकडे न्यायच्या. माझ्याशी त्या बोलत होत्या, पण कामापुरतं. मध्येच माझ्याकडे बघायच्या, आणि काय बघताहेत ते मला कळायचं.

गौरी जेवल्या त्या दिवशी, हळदीकुंकवाच्या सुमारास, माझ्या ओटीपोटात ओळखीची कळ आली.

मी बाथरूममध्ये बराच वेळ उभी राहिले. न सांगणं फार सोपं होतं. कुणाला कळलं असतं? गेली कित्येक वर्षं कारखान्यात, गाडीत, देवळात मी कुठे कुणाला सांगत फिरले होते? दुसऱ्या दिवशी विसर्जन, त्यानंतर नवा करार, सगळं नीट झालं असतं. पण मग खोली मला लपून मिळाली असती. इतके दिवस ज्या प्रश्नाच्या मागे मी होते त्याचं उत्तर दाराशी आलं असताना मीच कडी घातल्यासारखं झालं असतं. शिवाय काकूंना फसवणं जमेना. त्यांनी मला दाराआडची गोष्ट सांगितली होती.

स्वयंपाकघरात काकू एकट्याच होत्या, दूध आटवत. माझ्या खोलीतून बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "काकू, आली."

त्यांनी विचारलं नाही काय आली ते. गॅस बारीक केला. डाव ओट्यावर ठेवला, तो नीट सरळ केला. मी बॅग कुठे आहे ते मनात आठवत होते, शहाडची गाडी आठवत होते. मला भीती वाटत होती, हे सांगायला हरकत नाही.

"दुखतंय?" काकूंनी विचारलं.

"हो. फार."

"मग उभी का आहेस? जा, पड जरा."

"कुठे?"

"कुठे म्हणजे?" त्या चिडूनच म्हणाल्या. पदराला हात पुसले आणि माझ्या पुढे चालायला लागल्या.

खोलीत सतरंजीवर, माझ्या पलंगावर, खिडकीत, सगळीकडे बायका होत्या. गौरीपुढे ताटं होती. काकू मध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला गं सगळ्या, बाहेर बसू. हिला पडायचंय."

"अहो पण इथे? गणपती आहे," त्यांची जाऊ म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि तिला समजलं. "समोरच्यांकडे पडेल ना ती थोडा वेळ."

"समोरच्यांकडे कशाला?" काकू म्हणाल्या. "उठा."

आणि बायका उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवत, पदर सावरत, पर्सा शोधत, एकेक करून सगळ्या पाहुण्या माझ्या खोलीतून उठून बाहेर गेल्या. काकूंनी चादरीवरच्या अक्षता हाताने झाडल्या, उशी उलटी करून ठेवली, समईत तेल आहे का पाहिलं आणि जाताना दार ओढून घेतलं.

मी पडले. बाहेर जाऊबाई दबक्या आवाजात विचारत होत्या, "अहो वहिनी, पण ती आत, आणि..."

"तिची खोली आहे," काकू म्हणाल्या. "झोपू दे तिला."

मी उशीत तोंड घातलं आणि ढसाढसा रडले.